‘बोटीवर रेंज नसते’: त्या तीन ओळी एवढ्या का फिरल्या?

लेखनाच्या एका कार्यशाळेला येऊन गेलेल्या, गोव्यातल्या एका मुलीने मला काही प्रश्न पाठवलेत. ते आधी थोडक्यात सांगते. तिचं नाव, गाव, तालुका यातलं काही सांगणार नाही. का, ते पुढे येईलच. ओळी मात्र तिला विचारून देते आहे, कारण त्या आता कुठच्या कुठे पोचल्या आहेत.

गणेश चतुर्थीच्या, म्हणजे गोव्यातल्या चवथीच्या, दुसऱ्या रात्री तिने आपल्या प्रेमभंगाबद्दल आपल्या पानावर एवढंच लिहिलं:

आई म्हणाली, "चवथ जाली, ताचो फोन येवंक ना गो?"
मी म्हटलं, बोटीवर रेंज नसते.
तो जूनमध्येच घरी आलाय.

सकाळी फोन उघडला तर ओळी सावंतवाडी, बेळगाव, पुणे, ठाणे करत गेलेल्या. अनोळखी बायकांचे मेसेज येऊन पडलेले. काही पानांनी त्याच ओळी उचलून, तिचं नाव न घालता, मागे रडवं संगीत लावून रील केलेलं. त्याच्या महिनाभर आधी तिने कुळागरांवर, म्हणजे गोव्यातल्या पोफळीच्या बागांवर, एक लेख लिहिला होता. माहिती गोळा करून, माणसांना भेटून. तो घरच्यांपलीकडे कोणी वाचला नाही. तिला विचारायचंय ते असं: ताई, लोकांना दुसऱ्याचं दुःख बघायला आवडतं का? हे परत जमेल का, आणि जमवावं का? त्या बायकांना मी काय उत्तर देऊ? आणि कुळागराच्या लेखाने कोणाचं काय घोडं मारलं होतं?

एका मराठी वर्तमानपत्राच्या डिजिटल विभागात मी बरीच वर्षं होते. आता काही लेखकांची आणि नाट्यमंडळांची पानं बघते. कुठला मजकूर कुठे अडला आणि कुठला सुटला, हे रोज बघणं हेच काम. त्या अनुभवातून लिहिते, आणि या विषयावरच्या संशोधनातलं जे भरवशाचं वाटतं त्याचा आधार घेते. आता थेट तुझ्याशीच बोलते, आणि तुला ‘तू’च म्हणते.

लोकांना दुसऱ्याचं दुःख बघायला आवडतं, हे मला पटत नाही. तसं असतं तर प्रेमभंगाची प्रत्येक पोस्ट फिरली असती. कुठल्याही रात्री अकरानंतर फेसबुक उघड, मन मोडल्याच्या किती पोस्ट दिसतात ते बघ. ‘आता काहीच उरलं नाही’, ‘विश्वास कोणावर ठेवायचा’, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं. खाली दहाबारा रडक्या इमोजी, दोन मैत्रिणींचं ‘काय झालं गं?’, आणि संपलं. दुःख खरंच असतं, लिहिणारीचा जीव खरंच जळत असतो, तरी पोस्ट जागची हलत नाही. आपल्याला दिसते ती फिरलेली एक, आणि मग वाटतं दुःखच फिरतं.

तू मला इनसाइट्सचे, म्हणजे पोस्टच्या आकडेवारीचे, स्क्रीनशॉट पाठवलेस, ते मी नीट बघितले. लाइक चांगले आहेत, पण सेंड आणि सेव्ह त्यांच्या मानाने फारच जास्त आहेत. तुझ्या सगळ्या प्रश्नांचं मूळ मला तिथे दिसतं. लाइक करणारी वाचक तुला काहीतरी सांगते. सेंड करणारी वाचक तिसऱ्याच कोणाला तरी काहीतरी सांगते, आणि त्यासाठी तुझ्या ओळी वापरते. ओळी ज्यांनी पुढे पाठवल्या त्यांच्या मनात त्या क्षणी तू नव्हतीस. एकीने त्या मैत्रिणीला पाठवल्या, जी अजून ‘तो कामात असतो गो’ म्हणत बसली आहे; समोरासमोर सांगायची हिंमत नव्हती, ओळींनी सांगितलं. एकीने थेट त्यालाच पाठवल्या, वर एक अक्षर न लिहिता. एकीने व्हॉट्सअॅप स्टेटसला ठेवल्या. स्टेटस सगळ्या नातेवाइकांना दिसतं, पण ते एकाच माणसाने बघावं म्हणून ठेवलेलं असतं, हे आता शाळेतल्या पोरांनाही कळतं.

म्हणून प्रेमभंगाची पोस्ट फिरते तेव्हा त्यात दुःख किती आहे हे बघून काही कळत नाही. ती वाचकाला किती जणांशी बोलायला उपयोगी पडते, हे बघावं लागतं. मला या विषयात जे सांगायचंय ते मुख्यतः एवढंच.

आपल्या बायकांना हे नवीन नाही. जात्यावरच्या ओव्या, बायका फेर धरून म्हणतात ती धालोची गाणी, फुगडीची गाणी आठव. सासूचं वागणं, नवऱ्याचं दूर असणं, माहेरची वाट या सगळ्याबद्दल तिथे उघड बोललं जाई, आणि ते सासूच्या कानावर पडेल इतक्या मोठ्याने. पण बोलणारीला कोणी पकडू शकत नसे, कारण ती ‘गाणं म्हणत’ होती. ओळ तिची नव्हती, वेदना तिची होती. मांडावर, म्हणजे धालो खेळायच्या अंगणात, चार जणी तेच गाणं म्हणत आणि चौघींच्या मनात चार घरं असत. स्टेटसवर तुझ्या ओळी ठेवणारी मुलगी तेच करते आहे. कोणी विचारलंच तर तिला म्हणता येतं, ‘अगो, आवडलं म्हणून ठेवलं.’

आता तुझ्या तीन ओळी एकेक करून बघू.

पहिल्या ओळीत तू कुठेच नाहीस. आई आहे आणि चवथ आहे. प्रेमभंगाच्या बहुतेक पोस्ट ‘मी’ आणि ‘तो’ एवढ्यावर चालतात. तू तिसरं माणूस आणलंस, आणि असं माणूस आणलंस जे निष्पाप आहे, ज्याला काही ठाऊक नाही. गोव्यात चवथीला घर भरलेलं असतं. मुंबई-पुण्याची माणसं येतात, बाहेरगावच्यांचे व्हिडिओ कॉल येतात, माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली, बसून कोण आलं आणि कोण नाही याची मोजदाद होते. आईचा प्रश्न त्या दिवशी हजार घरांत विचारला गेला असेल. आणि तू तो आईच्याच बोलीत ठेवलास, मराठीत आणला नाहीस. त्यामुळे वाचणाऱ्याला आवाज ऐकू आला. पुण्याच्या बाईला कोकणी येत नसेल, पण एक आई मुलीला काहीतरी हळूच विचारते आहे एवढं तिला कळलंच.

दुसऱ्या ओळीत तू खोटं बोललीस. पोस्टचा कणा हाच. ज्याने तुला सोडलं त्याची लाज तू आईपुढे राखलीस, की स्वतःची राखलीस, की आईला सण गोड जावा म्हणून बोललीस? तू सांगितलं नाहीस, आणि वाचणारी प्रत्येक जण आपापलं कारण त्यात भरते. शिवाय ‘रेंज नसते’ हे कारण इथल्या घरांना पाठ आहे. बोटीवर कामाला गेलेला माणूस जवळजवळ प्रत्येक वाड्यावर आहे. आखातात, इंग्लंडात गेलेले आहेत ते वेगळे. आता बहुतेक बोटींवर खलाशांना वायफाय मिळतं, हे तरुण पोरींना माहीत आहे आणि आईला नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना ते कारण ऐकतानाच पोटात काहीतरी हललं.

तिसरी ओळ म्हणजे नुसती माहिती. ‘तो जूनमध्येच घरी आलाय.’ आकडेमोड तू वाचकावर सोडलीस. जून ते चवथ, म्हणजे दोन-तीन महिने. गोव्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला तीन तास पुरतात. म्हणजे तो कुठेही असला तरी फार लांब नाही. हे सगळं वाचणाऱ्याने स्वतः काढलं, आणि स्वतः काढलेली गोष्ट माणसाला जास्त लागते. आणखी एक बघ: तीन ओळींत दुःख, अश्रू, हृदय, धोका, यातला एकही शब्द नाही. राग तू लिहिला नाहीस. तो वाचकाला आला.

हा राग महत्त्वाचा आहे. जोना बर्जर आणि कॅथरीन मिल्कमन या अभ्यासकांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या जवळपास सात हजार लेखांवर काम करून २०१२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. कुठले लेख वाचक एकमेकांना सर्वांत जास्त ईमेल करतात, हे त्यांना शोधायचं होतं. राग, धास्ती किंवा विस्मय जागवणारे लेख जास्त पाठवले गेले. नुसतं खिन्न करणारे लेख उलट कमी पाठवले गेले. त्यांनी दिलेलं कारण मला माझ्या कामात रोज पटतं: खिन्नता माणसाला बसवते, हात फोनवरून खाली येतो, राग आणि विस्मय माणसाला उठवतात. निव्वळ उदास पोस्ट जागची हलत नाही ती यामुळे. तुझी पोस्ट उदास वाटते, पण तिसऱ्या ओळीला वाचक उठून बसतो.

दुसरा अभ्यास विल्यम ब्रेडी आणि सहकाऱ्यांचा, २०१७ चा. अमेरिकेतल्या वादाच्या तीन विषयांवरचे पाच लाखांहून अधिक ट्वीट त्यांनी तपासले. नीती आणि भावना दोन्ही ज्यात आहेत असा प्रत्येक जादा शब्द ट्वीटचा प्रसार साधारण २० टक्क्यांनी वाढवतो, असं त्यांना आढळलं. ते ट्वीट राजकारणाचे होते, प्रेमाचे नव्हते, म्हणून जसंच्या तसं इथे लावू नये. पण मराठी पानांवर ‘लायकी’, ‘गद्दार’, ‘वापरून फेकलं’, ‘रेड फ्लॅग’ असे शब्द आले की पोस्ट पळते, हे मी बघत आले आहे. तो मार्ग तू घेतला नाहीस याचा मला आनंद आहे. शब्दांनी पेटवलेली पोस्ट दोन दिवसांत विझते आणि मागे भांडण ठेवून जाते.

‘दुःख साथीसारखं पसरतं’ असंही लोक म्हणतात, आणि त्याला फेसबुकच्याच एका प्रयोगाचा दाखला देतात. जानेवारी २०१२ मध्ये एक आठवडा जवळजवळ सहा लाख नव्वद हजार वापरकर्त्यांच्या फीडमधल्या भावनिक पोस्ट त्यांना न सांगता कमी-जास्त केल्या गेल्या. निबंध २०१४ साली आला आणि संमतीवाचून केलेल्या या प्रयोगावर खूप टीका झाली, ती योग्यच होती. पण निकाल काय होता? परिणाम होता, मात्र अगदी बारीक. एकाची उदासी वाचून दुसरा आपोआप उदास होतो आणि पोस्ट फिरवतो, एवढं सरळ गणित त्यातून निघत नाही.

मेंदूबद्दलही असंच. २०१० साली हेलन फिशर आणि सहकाऱ्यांनी नुकताच नकार मिळालेल्या पंधरा जणांना त्यांच्या प्रेमपात्राचा फोटो दाखवून मेंदूचं स्कॅन केलं. ओढ आणि व्यसनाशी ज्यांचा संबंध लावला जातो ते भाग जागे झालेले दिसले. रात्री दोन वाजता त्याचं प्रोफाइल उघडणाऱ्या हातामागे काय आहे, हे त्यावरून थोडं समजतं. प्रेमभंग झालेला माणूस रात्री जागा असतो, फोन हातात असतो, आणि आपल्यासारखं कोणीतरी तो शोधत असतो. म्हणून अशा पोस्टना रात्रीचा वाचक मिळतो. पण ‘मन मोडणं आणि हाड मोडणं मेंदूला सारखंच’ असं जे फिरतं, त्यावर विसंबू नकोस. २०११ च्या एका अभ्यासात दोन्ही वेदनांचे काही भाग एक दिसले होते. २०१४ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवलं की बारकाईने बघितलं तर दोन्हींचे नमुने वेगळे ओळखता येतात.

कंपन्यांचा भाग थोडक्यात उरकते, कारण त्यावर भरमसाठ बोललं जातं आणि नियम दर वर्षी बदलतात. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं की माणसांचा एकमेकांशी संवाद घडवणाऱ्या पोस्टना फीडमध्ये प्राधान्य मिळेल. तेव्हापासून लांबलचक कॉमेंट्सची माळ ज्या पोस्टखाली लागते ती वर येत राहिली. तुझ्या पोस्टखाली बघ, ‘कोण तो, नाव सांग’ म्हणणारे आहेत, ‘त्याचीही बाजू असेल’ म्हणणारे आहेत, आणि या दोघांचं आपसातच जुंपलं आहे. कंपनीच्या हिशेबात तो संवाद. इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं की लोक किती वेळ थांबतात, किती लाइक करतात आणि किती पुढे पाठवतात, या तीन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या. आणि तुम्हाला फॉलो न करणाऱ्यांपर्यंत पोचायचं असेल तर पाठवण्याचं वजन जास्त. तुझ्या ओळी बेळगावला कशा गेल्या याचं उत्तर तेवढ्यात आहे. चवथीच्या रात्री लोक घरी होते, निवांत होते, फोन हातात होता, हाही योग जुळला.

आता दुसरा प्रश्न. परत जमेल का?

जमेलच असं कोणी सांगत असेल आणि त्याचे पैसे मागत असेल, तर देऊ नकोस. सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स यांचा २००६ सालचा एक सुंदर प्रयोग आहे. चौदा हजारांहून अधिक लोकांना अनोळखी बँडची तीच ४८ गाणी दिली, पण लोकांचे वेगवेगळे गट पाडले. इतरांनी किती वेळा डाउनलोड केलं हे प्रत्येकाला फक्त आपल्या गटापुरतं दिसे. एका गटात वर गेलेलं गाणं दुसऱ्या गटात मधेच कुठेतरी राहिलं. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा शेंड्याला गेली नाहीत, बाकी बरंचसं पहिल्या काही ऐकणाऱ्यांनी काय केलं त्यावर ठरलं. तुझ्या ओळी चांगल्या होत्या म्हणून त्या तळाला गेल्या नसत्या. एवढ्या वर का गेल्या, त्यात पहिल्या तासात त्या कोणाच्या हाती पडल्या याचाही वाटा आहे. लिहिणं हातात आहे, दुसरं नाही.

जमवावं का, यावर मला जास्त बोलायचंय, कारण इथे मी चांगल्या लिहिणाऱ्या मुलींना अडकलेलं बघितलंय. एक पोस्ट फिरली की पुढच्या आठवड्यात मन आपोआप त्याच जखमेकडे जातं. कौतुक तिथे मिळालं होतं ना. मग जखम भरत आली तरी ती भरली असं लिहिता येत नाही, कारण ‘मी आता बरी आहे’ ही पोस्ट कोणी पाठवत नाही. माणूस दुःखात राहतो कारण वाचक तिथे आहेत.

लिहिल्याने मन मोकळं होतं हे खरं आहे, पण सगळ्यांचं आणि प्रत्येक वेळी नाही. जेम्स पेनबेकर यांनी १९८६ पासून दाखवलं की सलग काही दिवस पंधरावीस मिनिटं स्वतःपुरतं, मनातलं लिहिल्याने पुष्कळांना फायदा होतो. स्वतःपुरतं, हा भाग लोक विसरतात. आणि २०१३ साली डेव्हिड स्बारा यांच्या गटाने नुकत्याच विभक्त झालेल्या नवरा-बायकांवर हाच प्रयोग केला, तेव्हा असं दिसलं की जे आधीच ‘असं का झालं’ याचा अर्थ शोधत त्यातच घोटाळत होते, त्यांना भावना उकरून लिहिल्याने काही महिन्यांनी जास्त त्रास झाला. रोजच्या साध्या कामांची नोंद लिहिणारे तसेच लोक त्यांच्यापेक्षा बरे होते. टॅरा मार्शल यांच्या २०१२ च्या अभ्यासात सोडून गेलेल्या जोडीदाराचं फेसबुक सारखं बघणाऱ्यांमध्ये त्रास आणि ओढ जास्त आढळली. आधी कोण, बघणं की त्रास, हे त्या अभ्यासावरून ठरत नाही. पण तुझ्या पोस्टवर त्याच्या बहिणीने काय कॉमेंट केली हे तू दिवसातून किती वेळा बघतेस, ते तुझं तुला माहीत.

म्हणून मी असं सुचवते. या विषयावर लिहावंसं वाटलं तर लिही, वहीत लिही, आणि काही आठवडे तसंच राहू दे. नंतर वाचल्यावर ते तुला कोणीतरी दुसरीने लिहिल्यासारखं वाटलं, एखादा शब्द निर्विकारपणे खोडता आला, तर टाकायला हरकत नाही. हात थरथरत असेल तर टाकू नकोस. त्या तीन ओळीही तू जूनमध्ये लिहिल्या नव्हत्यास, चवथीला लिहिल्यास; मधल्या महिन्यांत जे मुरलं त्यामुळे त्या तीनच राहिल्या.

आता गाव न सांगण्याचं कारण. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. मुंबईच्या मुलीने निनावी लिहिलं तर ते निनावी राहतं. आपल्याकडे ‘जूनमध्ये बोटीवरून आलेला, चवथीला मुलीच्या घरी न गेलेला’ एवढ्या खुणेवर संध्याकाळपर्यंत वाडा कळतो, रात्रीपर्यंत घर. तुझ्या मावसबहिणीने ओळखलंच ना? तुला वाटतं तू त्याचं नाव घेतलं नाहीस. बाजारात, कदंबाच्या बसमध्ये, देवळाच्या पायरीवर घेतलं गेलं असेल. यात तुझा दोष काही नाही, पण पुढच्या वेळी एखादी खूण बदल: महिना बदल, सण बदल, बोटीऐवजी दुसरी नोकरी घाल. ओळीची ताकद खुणेत नसते, तू आईशी खोटं बोललीस त्यात आहे. चॅटचे स्क्रीनशॉट, त्याचे फोटो, आवाजाचे मेसेज कधीही टाकू नकोस, कितीही राग आला तरी. बदनामीची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली होऊ शकते, आणि खाजगी क्षणांचे फोटो संमतीवाचून पसरवणं हा तर वेगळाच आणि गंभीर गुन्हा आहे. हेच नियम तुझ्या बाजूनेही उभे राहतात, म्हणजे त्याने किंवा त्याच्या मित्रांनी असं काही केलं तर गप्प बसू नकोस.

तुझ्याकडे आलेल्या मेसेजबद्दल. बहुतेक बायकांना उत्तर नको असतं. त्यांना कोणालातरी सांगायचं होतं आणि तू सापडलीस. ‘वाचलं. सांगितलंत, बरं केलंत’ एवढं पुरतं. प्रत्येकीची कहाणी ऐकून घ्यायला जाऊ नकोस. तू स्वतः अजून त्यातून बाहेर येते आहेस. पण तू म्हणालीस की एकीने ‘आता जगावंसं वाटत नाही’ असं लिहिलंय. तिला आजच उत्तर दे, उद्यावर टाकू नकोस. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर कळव, १४४१६. फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो, आणि मराठीत, कोकणीत बोलायला मिळेल का हे फोन लावल्यावर विचारायला सांग. ती गोव्यातली असेल तर बांबोळीच्या मनोरुग्ण आणि मानवी वर्तन संस्थेत बाह्यरुग्ण विभाग आहे, ते सांग. जवळ आत्ता कोण आहे, आई, बहीण, शेजारीण, हे थेट विचार. जगावंसं वाटत नाही म्हणजे नक्की काय वाटतंय, हे सरळ विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवा विचार घुसत नाही; विचारणारं कोणी भेटलं याने उलट धीर येतो. आणि तिच्या उत्तराची वाट एकटी बघत बसू नकोस, मला फोन कर.

ओळी चोरणाऱ्या पानांचं काम सोपं आहे. आपल्या मूळ पोस्टचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घे, त्या रीलची लिंक जपून ठेव, आधी पानाला नाव घालायला सभ्य मेसेज कर. बरेच जण घालतात. नाही घातलं तर इन्स्टाग्राम-फेसबुकवर कॉपीराइटची तक्रार करायचा फॉर्म असतो, तो भर. आपल्याकडे १९५७ च्या कायद्यानुसार मूळ साहित्यावरचा हक्क लिहिल्याबरोबर निर्माण होतो, नोंदणी लागत नाही. पण मजकूर फक्त तीन ओळींचा असल्याने वाद घालणारे घालतील, हे धरून चाल. त्यात फार दिवस घालवू नकोस.

आणि कुळागर. तो लेख मी परत वाचला. माहिती पक्की आहे, पाटाच्या पाण्याचं, माकडांच्या उपद्रवाचं, तुकडे पडत जाणाऱ्या जमिनीचं सगळं बरोबर आहे. पण तो वाचून मी कोणाला पाठवू, हे मला सुचलं नाही. पहिले पाच परिच्छेद सगळ्यांसाठी आहेत, म्हणजे कोणासाठीच नाहीत. सहाव्या परिच्छेदात मात्र तू लिहिलंयस की आजोबा या वयात अजून स्वतः पोफळीवर चढतात, कारण पाडेल्याला, म्हणजे झाडावर चढून सुपारी पाडणाऱ्याला, मजुरी दिली तर हातात काही राहत नाही, आणि आजीला सांगतात, ‘व्यायाम होतो.’

तिथे तीच गोष्ट आहे. एक माणूस दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून लहानसं खोटं बोलतो, आणि वाचणाऱ्याला खरं कारण कळलेलं असतं, राग कोणावर काढायचा ते कळत नाही. ही ओळ कोण कोणाला पाठवेल ते बघ. कुळागरात वाटा असलेली आणि वर्षातून एकदा, मे महिन्यात नाहीतर चवथीला, येणारी भावंडं प्रत्येक घरात आहेत. गावात राहिलेला भाऊ ही ओळ त्यांना पाठवेल, वर काही न लिहिता. पणजीत नोकरी करणारी नात ती घरच्या ग्रुपवर टाकेल. त्यानंतर पाटाचं, माकडांचं, जमिनीचं सगळं ते वाचतील, कारण आता त्यांना ते कशासाठी वाचायचं हे माहीत असेल.

तर सहावा परिच्छेद उचलून पहिला कर, आजोबांना विचारून कर. नाव घालायचं की नाही ते त्यांना ठरवू दे. मजुरीचा आकडा पाडेल्याकडून परत विचारून घे, आणि सुपारीचा चालू दर ‘गोवा बागायतदार’ या सहकारी संस्थेकडून घे, जुना लिहू नकोस. मधले दोन परिच्छेद, जिथे तू सरकारने काय करावं ते सांगतेस, शेवटाकडे ने आणि निम्मे कर. झालं की टाकण्याआधी मला पाठव.